तिळाची बाजू

चष्मेवाल्याने नवा चष्मा बाईंच्या नाकावर बसवला, काड्या कानांमागे अलगद सरकवल्या, एक पाऊल मागे जाऊन बघितलं आणि तो जरा गोंधळला. बाईंना वाटलं, चष्मा वाकडा बसलाय. डोळ्याच्या ऑपरेशनला पंधरा दिवस झाले होते आणि आज पहिल्यांदा जगाला पुन्हा कडा आल्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे, काउंटरच्या काचेवरचे बोटांचे ठसे, चष्मेवाल्याच्या शर्टाचं एक बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं, सगळं न मागता दिसत होतं. जग इतकं बारकाईने दिसावं अशी बाईंची काही फारशी इच्छा नव्हती, पण डॉक्टरने काम चोख केलं होतं. चष्मेवाल्याच्या डोक्यावर, काचेच्या कपाटाच्या वर, बाईंचा फोटो होता. तो त्याच्या वडिलांनी लावलेला. एका सिनेमात बाईंनी शिक्षिकेचं काम केलं होतं आणि त्यातला गोल चष्मा म्हणे याच दुकानातून गेला होता. खरं तर त्या चष्म्याला काचाच नव्हत्या. दिव्यांची चमक पडते म्हणून कॅमेरामनने त्या पहिल्याच दिवशी काढून टाकल्या होत्या, आणि सबंध सिनेमाभर बाई रिकाम्या गोलांतून पोरांना शिकवत होत्या. पण हे त्यांनी या बापलेकांना कधी सांगितलं नाही. लोकांच्या अशा पुष्कळ गोष्टी बाईंनी आजवर जपून ठेवल्या होत्या.

"बाई, एक विचारू का? राग नका मानू," चष्मेवाला म्हणाला.

"विचारा की."

"तुमचा तीळ... तो डाव्या गालावर होता ना?"

बाईंनी काउंटरवरच्या आरशात बघितलं. मग वर फोटोकडे बघितलं. फोटोत तीळ उजव्या अंगाला होता, आरशातही उजव्या अंगाला. कुठेच काही चुकलेलं नव्हतं.

"बरोबर तर आहे. तिथे जिथे आहे, तिथेच इथे आहे."

चष्मेवाल्याने एकदा फोटोकडे, एकदा आरशाकडे बघितलं. मग लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाला, "बाई, तो आरसा आहे."

त्याच्या बोलण्यात टिंगल असती तर बाईंना सोपं गेलं असतं. टिंगलीला उत्तर देण्यात त्यांची हयात गेली होती. पण तो बिचारा ओशाळून चष्म्याची डबी पुसायला लागला, उगाचच, दोनदा, आणि "होतं असं, ऑपरेशननंतर होतं," असं पुटपुटला. बाईंनी त्याला हसून दाखवलं. डाव्या बाजूने, जी त्यांची चांगली बाजू होती. मग त्यांनी पर्स उचलली आणि चेहरा किंचित वळवून, उजवा गाल दुकानाच्या भिंतीकडे करून त्या बाहेर पडल्या.

घर दोन गल्ल्यांवर. या वाटेवर पूर्वी लोक थांबायचे, आता थांबत नाहीत. क्वचित एखादी म्हातारी बाई थबकते, डोळे बारीक करते, आणि ओळखते ते तिळाला. तीळ पुढे, बाई मागे, असं कित्येक वर्षं चाललेलं. आज समोरून येणाऱ्या प्रत्येकाला आपला गाल दिसतोय असं त्यांना वाटत होतं, आणि एकानेही त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही, याचंही वाईट वाटत होतं. माणसाला एकाच वेळी किती गोष्टींचं वाईट वाटावं याला काही धरबंध नसतो. लिफ्टमध्ये आरसा होता. बाई दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

झालं होतं ते अगदी साधं होतं. ऑपरेशननंतर पंधरा दिवस चेहऱ्याला पाणीसुद्धा लावायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. पंधरा दिवस बाई बिनतिळाच्या राहिल्या. साठ वर्षांत पहिल्यांदा. त्याआधी हात आपला आपण जायचा. सकाळी तोंड धुतलं, पेन्सिल उचलली, टिपका, वर बोटाने जरासं दाबणं, झालं. चहा उकळेपर्यंत आटोपायचं. बाई कुठे जाणार असोत नसोत, कुणी येणार असो नसो. आणि आज सकाळी पेन्सिल उचलली तर हात मध्येच थांबला. कुठल्या बाजूला? हाताने विचारलं. मग त्यांनी शेजारच्या भिंतीवरचा आपलाच फोटो बघितला आणि बघून बघून तसा काढला. शाळेत नकाशा काढतात तसा. फोटो म्हणजे लोकांनी बघितलेला चेहरा आणि आरसा म्हणजे आपण बघितलेला, हा फरक ज्या बाईने जन्मभर त्याच धंद्यात काढला तिला कळू नये, हे त्यांना एखाद्या आजारासारखं वाटलं. कारण भाची फोनवर तेच सांगत होती. "आईचं असंच सुरू झालं, मावशी. आधी बटणं उलटसुलट लावायला लागली. आम्ही हसायचो." भाचीची आई म्हणजे बाईंची धाकटी बहीण. ती आता शहराच्या पलीकडच्या टोकाला एका होममध्ये होती, जिथे विसरायला लागलेल्या माणसांना सांभाळतात. भाचीचे तीन महिन्यांत तीन फोन आले होते. "एकदा येऊन जा, मावशी. अजून अधूनमधून ओळखते. मग ओळखणारही नाही." बाई म्हणाल्या होत्या, येते, डोळ्याचं एकदा होऊन जाऊ दे. आता डोळ्याचं झालं होतं.

ड्रेसिंग टेबलापुढे बसून त्यांनी कापूस ओला केला. पुसायचा आणि पलीकडे काढायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. पण नव्या चष्म्यातून त्यांनी एकदा नीट बघितलं आणि कापूस हातातच राहिला. आरशात धाकटी बसली होती. म्हातारी, ओठ मिटलेली, उजव्या गालावर तीळ असलेली. धाकटीचा तीळ खरा होता. जन्माचा, किंचित उंच, उजव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं वर. बाईंना कधी तीळ नव्हताच. हे जगात चौघांना ठाऊक होतं. मेकअप करणारे दादा, आई, धाकटी आणि त्या स्वतः. दादा गेले, आई गेली. धाकटी विसरत चाललेली. म्हणजे थोड्याच दिवसांत ही गोष्ट फक्त आपल्याला ठाऊक असणार, आणि जी गोष्ट एकट्यालाच ठाऊक असते ती झाली होती असं तरी कोण म्हणणार, असं बाईंच्या मनात आलं. तीळ पुसता येतो. पण त्याच्यामागे एक पत्र होतं, आणि त्या पत्राबद्दल धाकटीला साठ वर्षांत एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

लहानपणी, बाई नुसती ताई होती तेव्हा, हा तीळ म्हणजे दोघींचा खेळ होता. ताई दौतीत काडी बुडवायची आणि धाकटीला समोर बसवून, तिच्याकडे बघत, स्वतःच्या उजव्या गालावर टिपका काढायची. मग दोघी हात धरून शेजारपाजारी हिंडायच्या आणि ओळखा पाहू करायच्या. तीन वर्षांचं अंतर, उंची वेगळी, आंधळ्यानेही ओळखलं असतं. पण शेजारी भले होते, मुद्दाम चुकायचे. शाई वाळली की धाकटी बोटाला थुंकी लावून ती पुसायची आणि पुसता पुसता हसून लोळायची. तेव्हा ताईला बाजू बरोबर ठाऊक होती. एकदाही चुकली नाही.

पुढे धाकटीला सोळावं लागलं आणि तिने कुणाला न सांगता स्टुडिओला आपला फोटो पाठवला. नवे चेहरे हवेत, अशी जाहिरात आली होती. ताई तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होती, दुपारची पाळी. कानाला यंत्र लावून पाळीभर दुसऱ्यांना दुसऱ्यांशी जोडून द्यायचं. आई शाळेत शिवण शिकवायची. धाकटी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "पत्र आलं का?" आणि आई म्हणायची, "कसलं पत्र?" आणि ती म्हणायची, "असंच." तिच्या पोटात काही राहायचं नाही, चौथ्या दिवशी तिने ताईला सगळं सांगून टाकलं. तिला सांगितलं, म्हणूनच तर पुढचं घडलं.

ही गोष्ट बाईंनी मनातल्या मनात इतक्यांदा सांगितली होती की तिला एखाद्या पाठ झालेल्या प्रवेशासारखा ठेका आला होता. पत्र आलं. आईने फोडलं. आई म्हणाली, ती लहान आहे, भोळी आहे, तिची परीक्षा आहे. तू मोठी आहेस, तुला चार माणसं कळतात, तू जा. आणि ताई आईच्या शब्दाखातर गेली. मुलाखतींत पत्राचा भाग गाळून बाकीचं सगळं त्यांनी सांगितलं होतं, आईच्या शब्दाखातर, या दोन शब्दांपाशी थोडं थांबून. लोकांना फार आवडायचं. पण आज आरशातली ती उजव्या तिळाची म्हातारी इतकी टक लावून बघत होती की ठेका चुकला. पत्र आईने फोडलेलं नव्हतं. पोस्टमन सकाळी अकराला यायचा आणि त्या वेळी घरात ताई एकटीच असायची. तिनेच घेतलं, पाठीमागचा शिक्का बघितला, केसांतली पिन काढून पाकीट उघडलं. आपल्या फोटोवरून आपणांस चाचणीसाठी बोलावण्यात येत आहे, मंगळवारी सकाळी दहा वाजता हजर राहावे, हे पत्र फाटकावर दाखवावे. वर धाकटीचं नाव, टाईप केलेलं, पूर्ण. दुपारी आई जेवायला आली तेव्हा, पाळीला निघण्याआधी, ताईने ते तिच्यापुढे ठेवलं. आईने वाचलं आणि एवढंच म्हणाली, "ती लहान आहे." आणि हात धुवायला गेली. एवढंच. त्या तीन शब्दांचा अर्थ 'उत्तर पाठवू नकोस' असाही होता. 'तू जा' हे आई बोललीच नव्हती. ते ताईचं स्वतःचं होतं, त्या एक्स्चेंजच्या खोलीत दोन वर्षं दुसऱ्यांचे आवाज ऐकून ऐकून तिच्या पोटात साचलेलं. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मंगळवारी फाटकावर नाव विचारलं तेव्हा तिने धाकटीचं नाव सांगितलं आणि आवाज जरासुद्धा कापला नाही. तो तिचा पहिला अभिनय, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत चांगला.

आत दादा होते. टक्कल, खांद्यावर पंचा, तोंडात लवंग. त्यांनी धाकटीचा फोटो आरशाच्या चौकटीत खोचला, तिच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. "फोटोत तीळ आहे, तुला नाही," ते म्हणाले. तिला वाटलं, आता विचारतील, फोटो कुणाचा? पण दादा तसल्या भानगडीत पडणारे नव्हते. ज्यांनी मंजूर केलाय त्यांनी तो चेहरा मागितलाय, आपण द्यायचा, एवढंच त्यांचं शास्त्र. "पुसला गेला असेल," असं म्हणून ते तिच्या पाठीमागे उभे राहिले. त्यांची पद्धतच ती. समोर येऊन कधी काम करायचे नाहीत. समोर आलं की प्रकाश अडतो म्हणायचे. पाठीमागून हात पुढे घालायचा आणि सगळं आरशात बघून करायचं. फोटोत तीळ डाव्या अंगाला दिसत होता, म्हणून आरशातही त्यांनी डाव्या अंगाला काढला. म्हणजे तिच्या डाव्या गालावर. धाकटीच्या बरोबर उलटा. तिला ते तत्क्षणी कळलं. दौतीतली काडी इतकी वर्षं उगाच फिरवली नव्हती. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, दादा, पलीकडे. ती बोलली नाही. उलट तिला हायसं वाटलं, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. चुकीच्या बाजूला आहे ना, मग हा तिचा नाही. मी तिचं काही घेतलेलं नाही. हा माझा वेगळा आहे. एका टिपक्याच्या जागेवर माणूस किती मोठं घर बांधतो आणि त्यात साठ वर्षं राहतो.

नाव तर स्टुडिओवाल्यांनी तसंही बदललं. चाचणीची फिल्म बघून डायरेक्टर म्हणाले, तीळ राहू द्या, डावीकडून दिवा टाका. आणि तीळ राहिला. त्याच्यावर एका समीक्षकाने लिहिलं की हा विधात्याने स्वतःच्या हाताने ठेवलेला ठिपका आहे. दादांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "विधात्याचा कसला हात, रोज माझा दुखतो." मग पोरी बाजारातून तिळाच्या पेन्सिली आणून डाव्या गालावर टिपके काढायला लागल्या. बाईंनी आंधळी मुलगी केली, राजाने टाकलेली राणी केली, गिरणीतल्या कामगाराची बायको केली, ती शिक्षिका केली. आंधळीला, राणीला, कामगाराच्या बायकोला, सगळ्यांना त्याच जागी तीळ होता आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. रडायच्या प्रसंगात इतर नट्या डोळ्यांत औषध घालून घ्यायच्या. बाईंना लागायचं नाही. काय आठवून रडता, असं सगळे विचारायचे. त्या म्हणायच्या, काही नाही, डोळे उघडे ठेवते. खरं तर त्या मनातल्या मनात एक वाक्य म्हणायच्या, दप्तर टाकता टाकता विचारलेलं, "पत्र आलं का?" की डोळे भरून यायचे. असे नऊ सिनेमे, त्यांतले दोन तर रडण्यावरच चालले. धाकटीचं तेवढंही वापरून झालं.

आणि ती विचारत राहिली होती. ताईला निवडल्यावरही. घरी सांगितलं होतं की ताई एक्स्चेंजच्या मैत्रिणीबरोबर सहज गेली आणि तिलाच घेतलं. धाकटीने ताईच्या गळ्यात हात टाकले होते, नाचली होती. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा, आल्या आल्या, पत्र आलं का? आता तर तिला खात्रीच वाटत होती. एका बहिणीला घेतलं म्हणजे दुसरीलाही बोलावतील. सात महिने. आई भांड्यांचा आवाज करायची. ताई जेवत असली तर खाली मान घालून जेवत राहायची. मग पहिला सिनेमा लागला, तिघी बघायला गेल्या. अंधारात पडद्यावर ताईचा चेहरा आला, दार उघडतो तेवढा मोठा, आणि त्यावर तीळ. घरी आल्यावर, ताई तोंड धूत असताना, धाकटी टॉवेल घेऊन मागे उभी राहिली आणि म्हणाली, "तुझा चुकीच्या बाजूला आहे." हसून म्हणाली. त्यानंतर तिने पत्राचं कधी विचारलं नाही. तिला कळलं की नाही? एवढा एकच प्रश्न. बाईंचा जीव त्यासाठी तीळ तीळ तुटला, पण उत्तर जिच्याकडे होतं तिलाच तो विचारता येत नव्हता.

वर्षभराने धाकटी स्वतःच स्टुडिओत आली. दिवे लावायला वेळ लागतो. तोवर हिरॉइनला दिव्यांच्या उन्हात वाळत कोण घालणार, म्हणून तिच्या जागी तिच्या उंचीची एक मुलगी बसवतात. तोपर्यंत धाकटी ताईएवढी झाली होती. ती बसायची. दोन दोन तास, डोळे मिटू न देता, मोठमोठ्या दिव्यांपुढे. दिवे बरोबर झाले की डायरेक्टर ओरडायचे, "बाईंना बोलवा," आणि धाकटी उठायची. बाईंना खुर्ची नेहमी गरम मिळायची. दोन सिनेमे तिने ते केलं. सेटवर सगळे म्हणायचे म्हणून तीही "बाई" म्हणायला लागली, "बाई, या, झालं." मग तिने छापखान्यातल्या एका अबोल माणसाशी लग्न केलं आणि गेली, पण "बाई" तेवढं कायम राहिलं. फोनवर, दवाखान्यात, आईच्या उशाशी, सगळीकडे. थट्टा होती की डागणी, हे कळायला मार्ग नव्हता, कारण म्हणायची ती हसूनच. पुढे सिनेमे रंगीत झाले आणि रंगात तो तीळ माशी बसल्यासारखा दिसायला लागला. आईच्या भूमिका येऊ लागल्या, त्या बाईंनी नाकारल्या. लग्न एकदा ठरलं होतं, पण शूटिंगच्या तारखांशी जुळेना, आणि जुळायला लागलं तोवर तो माणूस दुसरीकडे जुळून गेला होता. आता भाची मावशी म्हणते, बाकी दुनिया बाई म्हणते. ताई म्हणणारं जगात एकच माणूस होतं आणि त्याने ते केव्हाच सोडून दिलं होतं. बाईंना फार एकटं वाटलं. खोलीत फ्रिजचा आवाज येत होता, आणि तो मधेच थांबला तेव्हा जास्तच वाटलं.

त्यांनी कापूस टाकून दिला. मेकअपची जुनी पेटी उघडली, वरचा खण उचलला, खालचं फेल्ट बाजूला केलं. पत्र तिथेच होतं, घडीवर चिरत आलेलं. ते पर्समध्ये ठेवलं, कोट घातला, आणि गाल तसाच घेऊन त्या खाली उतरल्या. टॅक्सीत त्यांनी काय बोलायचं ते जुळवायचा प्रयत्न केला. संवाद पाठ करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण एक वाक्य तयार होईना. मला तुला काहीतरी सांगायचंय, हे तर प्रत्येक सिनेमात होतं. आणि ती ओळखणारच नसेल तर? मग कुणाला सांगायचं, आणि माफ कोण करणार? टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा बघितलं. त्याने काही ओळखलं नाही. तो फक्त पत्ता विचारत होता.

होमच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी, धाकटी टॉवेलच्या घड्या करत बसली होती. केस अगदी बारीक कापलेले. पुढ्यात ढीगभर छोटे टॉवेल. नर्स हळूच म्हणाली, "रोज करतात. संध्याकाळी आम्ही मोडून ठेवतो, की उद्या परत." मग मोठ्याने म्हणाली, "बघा, कोण आलंय," आणि निघून गेली. धाकटीने बघितलं आणि पुन्हा घडीकडे वळली. तिच्या तिळाला एक पांढरा केस आला होता. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची गार होती.

"कशी आहेस?"

"बरी आहे," धाकटी म्हणाली. "तुमचं काय धुवायचं आहे का?"

"नाही. भेटायला आलेय."

"कुणाला?"

बाईंनी एक टॉवेल उचलला आणि त्या घडी घालायला लागल्या. थोडा वेळ दोघी तसंच काम करत राहिल्या. ऊन खिडकीतून धाकटीच्या मांडीवर येत होतं. मग तिचे हात थांबले. ती बाईंच्या गालाकडे बघत होती. चेहऱ्याकडे नाही, फक्त गालाकडे, मान जराशी तिरकी करून, दुकानात कापडाचा पोत बघतात तसं. तिने स्वतःच्या उजव्या गालाला बोट लावलं. मग बाईंच्या उजव्या गालाकडे बोट केलं. आणि तिचे डोळे बारीक झाले, खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"ताई," ती म्हणाली, "आज परत काढलास?"

बाईंच्या हातातली घडी सुटली. डाव्या गालाला तिने ओळखलं नसतं. डाव्या गालाची बाई तिच्या लहानपणी नव्हतीच. त्यांनी मान हलवली, हो म्हणून.

"कोण चुकलं आज? शेजारच्या काकू?"

"सगळेच चुकले," बाई म्हणाल्या.

धाकटी समाधानाने हसली आणि मग एकदम गंभीर झाली. दाराकडे बघून आवाज खाली आणला. "ताई, पत्र आलं का गं?"

इतक्या वर्षांनी ते वाक्य समोरून आलं आणि बाईंच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस आला नाही. त्यांनी पर्स उघडली. पत्र काढून तिच्या हातात ठेवलं. "आलं," त्या म्हणाल्या. "तुझ्याच नावाचं आहे. मी फोडलं. मीच फोडलं, आईने नाही. तुला द्यायचं राहिलं माझ्याकडून."

धाकटीने शेवटचं काही ऐकलं नसावं. ती पत्रावरून बोट फिरवत होती. स्वतःचं नाव तिने मोठ्याने वाचलं, पूर्ण नाव, शाळेत हजेरीला म्हणतात तसं. मग ओळ न ओळ. मंगळवारी सकाळी दहा. हे पत्र फाटकावर दाखवावे. तिचा चेहरा उजळत गेला. असा उजेड बाईंनी कुठल्याही दिव्याचा बघितला नव्हता.

"आज काय वार?"

त्या दिवशी गुरुवार होता. "सोमवार," बाई म्हणाल्या.

"म्हणजे उद्याच." तिने पत्राची जुन्या घडीवरच घडी केली, अगदी टॉवेलसारखी, आणि छातीशी धरली. "ताई, तू येशील ना बरोबर? मला एकटीला भीती वाटते."

"येईन."

"नक्की?"

"नक्की येईन. मी बाहेर बसेन. तू आत जा."

धाकटीने मान डोलावली. मग तिला काहीतरी आठवलं. ती पुढे सरकली, एका हाताने बाईंची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि त्यांचा गाल पुसायला लागली. जोर लावून, लहानपणी पुसायची तसा. बाईंनी डोळे मिटून घेतले नाहीत. चष्म्यातून त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं. बहिणीच्या पापण्या, तो पांढरा केस, आणि काळं होत गेलेलं बोट.

"उद्या हा काढू नकोस हं," धाकटी म्हणाली. "नाहीतर ते चुकून तुलाच घेतील."